शिंजीर, हमिंगबर्ड आणि चित्राखालची ओळ

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकासाठी एका विद्यार्थ्याने एक छायाचित्र आणून दिले. मुक्ताईनगरजवळच्या एका केळीच्या बागेच्या बांधावरून, सूर्य मावळायला अर्धा-पाऊण तास असताना ते घेतलेले होते. लोंबणाऱ्या केळफुलासमोर एक इवलासा पक्षी पंख फडफडवीत क्षणभर हवेत तोललेला. चोच बारीक आणि बाकदार, अंग काळेभोर, आणि मानेच्या एका कडेला निळसर-तांबूस चमक. चित्राखाली त्याने लिहिले होते : ‘संध्याप्रकाशातील हमींगबर्ड, मुक्ताईनगर’. आम्ही दोघेही मराठीचे प्राध्यापक. ‘हमींग’मधली दीर्घ वेलांटी आम्ही ऱ्हस्व केली, ‘संध्याप्रकाश’ या शब्दाचे कौतुक केले आणि चित्र फलकावर लागले. पंधरा दिवस ते तसेच राहिले. अखेर प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका सहकाऱ्याने जाता जाता विचारले, “हा पक्षी अमेरिकेतून आपल्याकडे केव्हा आला?”

शुद्धलेखन तपासले, पण लिहिलेले खरे आहे की नाही हे पाहिले नाही, अशी ही आमची चूक. प्रस्तुत लेखाची सुरुवात तिच्यापासून झाली. परंतु शोध घेत गेलो तेव्हा लक्षात आले, की पाखराचे चित्र आणि त्याखालची ओळ यांच्या नात्याला मोठा इतिहास आहे आणि त्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण आपल्या खानदेशातच घडलेले आहे.

*

प्रथम पक्ष्याविषयी. हमिंगबर्ड हे कुळ आज केवळ अमेरिकेच्या दोन खंडांत आढळते. अलास्कापासून दक्षिणेच्या टोकापर्यंत त्याच्या साडेतीनशेच्या आसपास जाती आहेत. भारतात एकही नाही. आपल्याकडे फुलांवर दिसतो तो शिंजीर. त्याला सूर्यपक्षी म्हणतात, कोठे फुलचुखीही म्हणतात. खानदेशात सर्वत्र दिसणारा जांभळा शिंजीर जेमतेम चार इंच लांबीचा. हमिंगबर्ड हा पाकोळीचा दूरचा नातलग, तर शिंजीर चिमण्या-मैनांच्या विशाल गणातला. म्हणजे या दोन पाखरांत जवळचे रक्ताचे नाते नाही. फुलांतला मध हे अन्न दोघांनी आपापल्या खंडांत स्वतंत्रपणे स्वीकारले आणि त्या एका गरजेने दोघांनाही लांब चोच, इवला देह आणि लखलखीत पिसे दिली. फरक आहे तो उडण्याच्या रीतीत. हमिंगबर्ड हवेत स्थिर राहून मध पितो, मागेही उडू शकतो. शिंजीर बहुधा देठावर, फांदीवर बसूनच चोच घालतो. बसायला जागा नसेल तरच क्षण-दोन क्षण हवेत थांबतो. आमच्या विद्यार्थ्याने नेमके तेच क्षण पकडले होते आणि त्यांनीच त्याला फसवले.

नावाचा घोळ मात्र त्याच्या एकट्याचा नाही. एकोणिसाव्या शतकात टी. सी. जर्डन यांनी भारतातील पक्ष्यांवर जो मोठा ग्रंथ लिहिला (१८६२–६४), त्यात शिंजीराच्या कुळाला ‘हनी-सकर’, म्हणजे मध चोखणारा, असे नाव आहे. इंग्रजीत ‘सनबर्ड’ हे नाव त्यानंतर रूढ झाले. मराठीत मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी पक्षिकोश सिद्ध केला, तेव्हा पाखरांची विखुरलेली नावे एका ठिकाणी आली. ‘शिंजीर’ हे त्यांतलेच एक देखणे नाव. संस्कृतात ‘शिंजित’ म्हणजे पैंजणादी अलंकारांचा बारीक नाद. शिंजीर म्हणताना भाषेच्या माणसाला तो शब्द आठवतोच. ‘हमिंग’ म्हणजे गुणगुण, आणि ती त्या अमेरिकी पाखराच्या पंखांची. ऐकू येणारी गोष्ट नावात यावी, हा कल दोन्हीकडे आहे. पण गुणगुणणारे नाव आपल्या पाखराला लावले, की तो नसलेल्या आवाजाचा धनी होतो.

पाहण्याआधी चित्र आणि ऐकण्याआधी नाव, हा प्रकार थोरामोठ्यांच्या बाबतीतही घडलेला आहे. जॉन गूल्ड या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाने १८४९ पासून १८६१ पर्यंत हमिंगबर्डांवर पाच खंडांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. १८५१ साली लंडनच्या प्राणिबागेत त्याने आपल्या संग्रहातले पेंढा भरलेले हमिंगबर्ड मांडले, तेव्हा प्रेक्षकांची रीघ लागली. गंमत अशी, की तोवर त्याने जिवंत हमिंगबर्ड पाहिलेलाच नव्हता. तो योग १८५७ साली अमेरिकेत गेल्यावर आला. पिसांची चमक साध्या रंगांनी येईना, म्हणून त्याच्या चित्रांत सोन्याचा वर्ख लावून त्यावर पारदर्शक रंग चढवीत. हा वर्ख कशासाठी लागला, हे समजून घेतले म्हणजे संध्याकाळच्या चित्राची अडचणही कळते.

*

हमिंगबर्ड आणि शिंजीर यांच्या पिसांतली झळाळी रंगद्रव्याची नाही. पिसाच्या अतिसूक्ष्म तंतूंत काळ्या द्रव्याचे अत्यंत पातळ थर एकावर एक रचलेले असतात. त्यांवरून परतणारे प्रकाशकिरण काही कोनांत एकमेकांना बळ देतात, काही कोनांत विझवतात. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात ते याच न्यायाने. त्यामुळे शिंजीर एका क्षणी जांभळा, दुसऱ्या क्षणी हिरवट-निळा आणि मान वळताच निव्वळ काळा दिसतो. रंग पिसांत असतो असे म्हणण्यापेक्षा सूर्य, पाखरू आणि पाहणारा यांच्यातल्या कोनात असतो असे म्हटले तर अधिक बरोबर होईल. सपाट कागदावर हा कोन उमटत नाही; म्हणून गूल्डला सोने लागले, कारण वर्खही कोन बदलला की झळकतो.

आता संध्याकाळ घ्या. सूर्य क्षितिजाजवळ आला, की त्याच्या किरणांना हवेचा अधिक जाड थर ओलांडावा लागतो. त्यात निळा-जांभळा भाग विखरून जातो आणि उरतो तो तांबूस-पिवळा उजेड. छायाचित्रकारांना हा उजेड प्रिय असतो. केळीची पाने, बांधावरची बाभूळ, माणसांचे चेहरे त्यात उजळून निघतात. शिंजीराच्या वाट्याला मात्र नेमका त्याच्या रंगाचा प्रकाश कमी येतो. सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीशी असेल, तर आडवे किरण थेट पाखराच्या गळ्यावर पडून क्षणभर चमक उठते. सूर्य पाखरामागे असेल, तर उरते केवळ काळी आकृती. शिवाय उजेड कमी, म्हणून कॅमेऱ्याचा पडदा अधिक वेळ उघडा ठेवावा लागतो. तेवढ्यात पंख धूसर होतात. पडदा भराभर मिटावा म्हणून संवेदनक्षमता वाढवली, तर चित्रावर रवाळ दाणे येतात. आमच्या विद्यार्थ्याच्या चित्रात हे सारे होते : धूसर पंख, रवाळ पार्श्वभूमी, काळे अंग, एकच चमक. पंख धूसर झाल्यामुळे ते हमिंगबर्डाच्या पंखांसारखे वाटले आणि जांभळा रंग विझल्यामुळे शिंजीराची ओळख पुसली गेली. त्याच्या चुकीत संध्याकाळचाही वाटा होता.

*

पाखरू, प्रकाश आणि वेळ यांची ही ओढाताण छायाचित्रणाच्या इतिहासात आरंभापासून दिसते. मुंबईत छायाचित्रण संस्था स्थापन झाली १८५४ साली; म्हणजे युरोपातील शोधाला अवघी पंधरा वर्षे झाली होती. डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातल्या पहिल्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. त्या काळच्या काचांवर चित्र उमटायला भर उजेडातही काही सेकंद लागत. म्हणून लेणी, देवळे, वाडे आणि मानेला आधार देऊन बसवलेली माणसे एवढेच चित्रविषय शक्य होते. पाखरू तेवढा वेळ थांबत नाही. थांबणाऱ्या गोष्टींचा आधी आणि न थांबणाऱ्यांचा फार नंतर, असा हा क्रम आहे.

पाखरांची छायाचित्रे प्रथम घेतली गेली ती घरट्यांवर, याचेही कारण हेच. इंग्लंडमधल्या कीर्टन बंधूंनी १८९२ साली पक्ष्याच्या घरट्याचे छायाचित्र घेतले आणि १८९५ साली अशा छायाचित्रांचे पुस्तकच काढले. घरट्यावर पाखरू पुन्हा पुन्हा एकाच जागी येते, बसते. कॅमेरा आधीच रोखून ठेवता येतो. भारतात ई. एच. एन. लोथर या रेल्वेतल्या अधिकाऱ्याने आडोशामागे बसून अशीच चित्रे घेतली. त्यांचे पुस्तक १९४९ साली आले. सलीम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरचे प्रसिद्ध पुस्तक १९४१चे, पण त्यातही सामान्य वाचकाला पक्षी ओळखता यावा म्हणून रंगीत चित्रांचाच आधार घ्यावा लागला होता. घरट्याजवळ कॅमेरा नेणे हे पिलांच्या जिवावर बेतू शकते, हे पुढे ध्यानात आले आणि आज जाणकार मंडळी ते टाळतात.

उडते पाखरू स्थिर करायला सूर्याहून वेगळा प्रकाश लागणार होता. हॅरल्ड एजर्टन यांनी अमेरिकेत १९३०च्या दशकात विजेच्या ठिणगीसारखा क्षणिक झोत निर्माण करणारे दिवे विकसित केले. त्याच मार्गाने क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट यांनी हमिंगबर्डांची छायाचित्रे घेतली. हे गृहस्थ द्यु पाँ या रसायन कंपनीचे अध्यक्ष आणि पक्षिवेडे. त्यांचे पुस्तक १९६० साली प्रसिद्ध झाले. लहान हमिंगबर्डाचे पंख सेकंदाला पन्नासहून अधिक वेळा हलतात. सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही किती तरी लहान अशा लखलखाटात ते पंख प्रथमच स्पष्ट दिसले. पिसांवरच्या रंगाचे गणितही ग्रीनवॉल्ट यांनी अभ्यासले. गूल्डच्या सोन्याच्या वर्खापासून या झोतापर्यंत एका शतकाचे अंतर आहे. प्रयत्न मात्र एकच : डोळ्याला पुरे दिसत नाही ते चित्रात धरून ठेवण्याचा.

तरीही चित्र बोलत नाही. हे पाखरू कोणते, कोठले, केव्हाचे, हे कोणीतरी खाली लिहावे लागते. ते लिहिणे खोटे असेल तर काय घडते, याचे उदाहरण द्यायला आता खानदेशात परत येऊ.

*

कॅमेऱ्याच्या आधी पक्षिशास्त्राचे साधन होते बंदूक. पाखरू मारायचे, कातडी काढून पेंढा भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर जात, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव. १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ए. ओ. ह्यूम हेच भारतीय पक्षिशास्त्राचेही मोठे संघटक. त्यांच्या संग्रहात अशी ऐंशी हजारांवर कातडी होती. तीही त्याच वर्षी ब्रिटिश म्युझियमकडे गेली. ह्यूम चालवीत असलेल्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात १८८२ साली पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची एक यादी आली. यादीकर्ते जेम्स डेव्हिडसन, मुंबई इलाख्यातले मुलकी अधिकारी. सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांनी जे पक्षी गोळा केले, त्यांत रानपिंगळ्याचेही काही नमुने होते. ह्यूमने १८७३ साली शास्त्रात नोंदवलेले हे लहानसे घुबड. त्याचे जगभरच्या संग्रहालयांत मिळून जेमतेम सात नमुने आणि १८८४ नंतर खात्रीची नोंद नाही.

अपवाद फक्त एक. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता. चिठ्ठी सांगत होती : १९१४, तापीकाठचे मांडवी, गुजरात. या चिठ्ठीवर विसंबून शोध घेणारे तेथे गेले आणि रिकाम्या हाताने परतले. रानपिंगळा नामशेष झाला असावा, असे मानले जाऊ लागले.

१९९०च्या दशकात पामेला रासमुसेन यांनी त्या नमुन्याची कसून तपासणी केली. आतला पेंढा, टाके, कातडी काढण्याची रीत यांवरून उलगडा झाला, की तो पक्षी मांडवीचा नव्हताच. डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळवलेला नमुना संग्रहालयातून चोरून, पुन्हा शिवून, त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांचा या प्रकरणावरचा शोधनिबंध १९९९ साली प्रसिद्ध झाला. तत्पूर्वीच, खोटी चिठ्ठी बाजूला सारून आणि जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवर विश्वास ठेवून, रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे शोधाला निघाले. नोव्हेंबर १९९७ मध्ये तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील आणि आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा जिवंत दिसला. ११३ वर्षांनंतर. भर दिवसा उघड्या फांदीवर बसलेल्या त्या पाखराची त्यांनी छायाचित्रे घेतली, चित्रफीत घेतली. बंदुकीची गरज पडली नाही. पुढे आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या यावलच्या जंगलातही त्याच्या नोंदी झाल्या.

या कथेत आम्हाला खिळवून ठेवते ती चिठ्ठी. कातडी अस्सल होती, पिसे अस्सल होती. पाखरू खानदेशचेच होते. खोट्या होत्या त्या दोन-चार शब्दांच्या नोंदी. त्यांनी एका पाखराला तापीच्या प्रवाहाबरोबर खाली नेऊन टाकले आणि जाणत्या माणसांचे श्रम वाया घालवले. उलट, डेव्हिडसनच्या चिठ्ठ्या शंभर वर्षांनीही माणसाला योग्य डोंगरापाशी घेऊन आल्या.

*

आमच्या फलकावरच्या ओळीत आणि माइनर्ट्झहागेनच्या चिठ्ठीत अर्थातच महदंतर आहे. तेथे लबाडी होती, येथे अज्ञान आणि आमचा आळस. परंतु परिणामाची जात एकच. ‘हमिंगबर्ड, मुक्ताईनगर’ हे शब्द वाचणाऱ्या दीडदोनशे मुलांनी ते खरे मानले असणार. त्यांच्या परसातला शिंजीर त्या पंधरा दिवसांत परदेशी झाला.

विद्यार्थ्याला बोलावून आम्ही हे सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि मग जे म्हटले, ते आम्ही विसरलेलो नाही. “सर, हमिंगबर्ड लिहिले म्हणून सगळे थांबून बघत होते. शिंजीर लिहिले असते, तर कोणी थांबले असते का?” त्याने कॅलिफोर्नियातल्या एका नातेवाइकांनी पाठवलेली, अंगणात टांगलेल्या साखरपाण्याच्या बाटलीवर आलेल्या हमिंगबर्डांची छायाचित्रे पाहिली होती. तसे काही आपल्याही शेतात आहे, हे त्याला दाखवायचे होते. म्हणजे त्याची प्रेरणा अभिमानाचीच होती. फक्त अभिमानासाठी शब्द उसना घ्यावा लागला. हा दोष आम्ही त्याच्या माथी मारू शकत नाही. बारा-पंधरा वर्षे मराठी शिकलेल्या मुलाला ‘शिंजीर’ हा शब्द कोणत्याही धड्यात, कोणत्याही तासाला आमच्यापैकी कोणाकडूनही मिळाला नव्हता.

मुक्ताईनगरच्या मुलाला आम्ही उत्तर दिले ते त्याच्याच गावातून. पूर्वीचे एदलाबाद ज्यांच्या नावाने आज ओळखले जाते, त्या मुक्ताबाई तापीकाठी मेहूणजवळ शके १२१९ मध्ये, म्हणजे इ. स. १२९७ साली, विजेच्या कडकडाटात गुप्त झाल्या, असे वारकरी परंपरा सांगते. त्या क्षणाचे चित्र असणे शक्यच नव्हते. उरली ती ओळ : तापीचा काठ, वैशाख वद्य दशमी, मुक्ताबाई. एवढी ओळ सातशे वर्षे लोकांनी तोंडी जपली आणि त्या तिथीला, त्या जागी माणसे आजही येतात. लोक थांबतात ते नाव ओळखीचे असल्यामुळे, आणि नाव ओळखीचे होते ते कोणीतरी पुन्हा पुन्हा घेतल्यामुळे. शिंजीराचे नाव कोणी घेतलेच नाही, तर त्याच्यापाशी कोण थांबणार?

हे उत्तर त्याला पुरते पटले असे आम्ही म्हणणार नाही. आम्हालाही ते सांगताना आपण जरा वरच्या पट्टीत बोलतो आहोत असे वाटले. पण तो छायाचित्र घेऊन गेला आणि दोन दिवसांनी परत आणून दिले. चित्र तेच, धूसर पंखांचे आणि एका ठिणगीचे. खालची ओळ मात्र त्याने स्वतः, वळणदार अक्षरात, नव्याने लिहिली होती : ‘जांभळा शिंजीर, नर. केळफुलावर. मुक्ताईनगर शिवार, फाल्गुन, सूर्यास्तापूर्वी सुमारे पाऊण तास.’ आणि त्याखाली, कंसात : ‘उजेड कमी असल्यामुळे काळा दिसतो.’

आम्ही त्यात काही दुरुस्त केले नाही. चित्र पुन्हा फलकावर लावले. पहिल्या दिवशी फारसे कोणी थांबले नाही, हे खरे. त्यानंतरच्या आठवड्यात प्रथम वर्षाची एक मुलगी मात्र थांबली, कंसातली ओळ दोनदा वाचली आणि तिने आम्हाला विचारले, “मग सकाळी कसा दिसतो?”